चार बोटांची जागा

जयपूरच्या जवाहर नगरात थंडी येते ती क्रमानं येते. आधी गल्लीच्या तोंडाशी तिळाच्या गजकवाल्याचा ठेला लागतो, मग भाजीच्या गाड्यांवर लाल गाजरं दिसायला लागतात, आणि दोन-चार दिवसांत आमच्या घरमालकीण शेखावत आंटी गच्चीवर रजया उन्हात टाकतात. पाच वर्षं हा क्रम मी बघते आहे. अलीकडे त्यात एक भर पडली आहे. पेटीतून काढलेल्या रजईचा कोंदट वास नाकात शिरला की माझा हात आपोआप पोटावर जातो, बेंबीच्या जरा वर. पडलेल्या दाताच्या जागी जीभ सारखी जाते ना, तसा. तिथं काय आहे ते मला पाठ आहे, तरी जातो.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीचा कंदील अजून उतरवला नव्हता, तेव्हा शरू झाली. शर्वरी. पावणेचार किलोची. नवऱ्याच्या, नितीनच्या, रेल्वेतल्या बदलीमुळे आम्ही जयपूरला आलो होतो आणि मी इथल्या झालाना भागातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला लागले होते. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून काढणं हा माझा धंदा. त्याचाच मला पुढे फार राग यायचा, की पगार घेऊन लोकांच्या चुका शोधणाऱ्या बाईला स्वतःच्या पोटातली एवढी उघड गोष्ट तीन महिने दिसू नये.

पण दिसणार कशी? सगळं नॉर्मल झालं होतं. हा शब्द त्या महिन्यात मी इतक्यांदा ऐकला की शरूचं नाव नॉर्मल ठेवावं असं वाटायला लागलं. मिरजेहून फोन, "नॉर्मल झालं ना? सुटलीस." खालून आंटी, "नॉर्मल हुआ है, भगवान की किरपा है." एकदा नॉर्मल असा शिक्का बसला की मग बाईला दुखायला जागाच राहत नाही. टाके होते, कंबर धरली होती, खोकला आला की आधी पाय आवळून घ्यावे लागायचे, नाहीतर कपडे बदलायला लागायचे. हे मी आईला दबक्या आवाजात सांगितलं तर ती म्हणाली, "असतंय की गं बायकांचं." आणि तिनं माझ्या हातात अळिवाच्या खिरीची वाटी दिली.

आई मिरजेहून येताना एक अख्खी बॅग बाळंतपणाची घेऊन आली होती. अळीव, बाळंतशोपा, डिंक, ओवा, आणि धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं बाबांचं जुनं धोतर. ते धोतर उभं फाडून तिनं पट्टे केले. रोज सकाळी अंघोळ आणि ओव्याची धुरी झाली की ती मला भिंतीला टेकून उभी करायची आणि पोट बांधायची. बांधताना दात-ओठ खायची. "श्वास आत घे. अजून. पोटात वारं शिरलं की मग ते जन्मभर जात नाही." आंटी सोंठ-गोंदाचे लाडू घेऊन वर यायच्या आणि पट्ट्यात बोट घालून बघायच्या, सैल तर नाही ना. लाडवात गूळ की साखर, बाळाला काजळ की नको, ह्यावरून दोघींचं रोज शांतपणे वाजायचं. पण पोट करकचून बांधायचं ह्या बाबतीत मिरज आणि जयपूर यांचं पूर्ण एकमत होतं.

खरं सांगायचं तर तो पट्टा मला आवडायचा. बांधल्यावर मी कुणीतरी आहे असं वाटायचं. दुसऱ्या दिवशी अंघोळीला तो सोडला की पोट सुटायचं आणि आत काहीच नाही असं वाटायचं, भिंत नाही, तळ नाही. हात ठेवला तर हात कुठे थांबावा हे कळायचं नाही. मी आईला हाक मारायची. आई टॉवेल घेऊन यायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "अगं होतंय की आपोआप. निसर्गानं दिलंय ते निसर्गच बघतोय." त्या 'आपोआप'वर मी विसंबून होते. आई खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं.

डिसेंबरात धुकं पडायला लागलं. रात्रीच्या धुक्यानं खिडकीच्या काचा पांढऱ्या व्हायच्या आणि सकाळी आठपर्यंत समोरचं घर नसायचंच. मी बेडवरून सरळ उठायला जायची तेव्हा बेंबीपासून वर छातीपर्यंत एक उंचवटा यायचा, करंजी उपडी ठेवावी तसा. पडलं की तो जायचा. मला त्याची गंमतच वाटायची. एकदा नितीनला उठून दाखवलं. तो घाबरला, पण घाबरल्याचं त्यानं दाखवलं नाही, मोबाईल काढला आणि म्हणाला, "एक व्हिडिओ आहे बहुतेक." नितीनचा सगळ्या अडचणींवर एक व्हिडिओ असतो. त्या व्हिडिओत एक सडपातळ मुलगी तीस दिवसांत पोट सपाट करून देत होती. तिला मूल झालेलं होतं असं काही वाटलं नाही.

मग संक्रांत आली. जयपुरात संक्रांतीला कुणी जमिनीवर नसतं, सगळं शहर गच्च्यांवर असतं. खालून वरून पतंगांची कापाकापी, लाउडस्पीकर, "वो काटा!" अशा आरोळ्या, आणि त्या सगळ्या गोंधळात आमच्या गच्चीच्या एका कोपऱ्यात आई शरूचं बोरन्हाण घालत होती. शेजारची पोरं पतंग सोडून बोरं आणि गोळ्या वेचायला धावली. आंटींना हा प्रकार फार आवडला. हलव्याचे दागिने घातलेली दोन महिन्यांची शरू माझ्या मांडीवर झोपून गेली होती. सगळं इतकं छान होतं की मी रडले सुद्धा थोडी.

दुपारी नितीननं फोटो पाठवले. काळी साडी, हलव्याचा हार, आणि त्याखाली पाच महिन्यांचं पोट. मी तो फोटो मोठा करून बघितला, छोटा करून बघितला. एका मैत्रिणीनं ग्रुपवर लिहिलं, "दुसरी बातमी इतक्यात?" आणि पुढे हसणारे चेहरे टाकले. मी पण हसणारा चेहरा टाकला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. लाज वाटत होती, आणि लाज वाटते ह्याचीही लाज वाटत होती, कारण बाहेर माझी धडधाकट मुलगी झोपलेली होती आणि मी पोटावरून रडत होते.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. आमचे बाबा मिरजेच्या रेल्वेत होते, आता निवृत्त आहेत, पण पहाटे पाचचे बारा सूर्यनमस्कार काही निवृत्त झाले नाहीत. माझं सगळं लहानपण त्या नमस्कारांवर गेलंय. घराच्या मागच्या अंगणात गोणपाट टाकून मी आणि बाबा शेजारी शेजारी. रथसप्तमीला एकशे आठ. अकराव्या वर्षी मी पहिल्यांदा पूर्ण घातले तेव्हा शाळेच्या फळ्यावर माझं नाव लिहिलं होतं. बाबांच्या लेखी पाय मोडला तरी नमस्कार, सर्दी झाली तरी नमस्कार, बारावीला मार्क कमी पडले तरी नमस्कारच. मी त्यांना म्हटलं, "बाबा, माझं पोट आत जात नाहीये." ते क्षणभरही थांबले नाहीत. म्हणाले, "अगं, मग नमस्कार सुरू कर की. नमस्कारानं सगळं जागेवर येतंय. रथसप्तमी आली बघ तोंडावर."

डॉक्टरांनी दीड महिन्याच्या तपासणीत हलकं चालायला-फिरायला सांगितलं होतं. हलकं म्हणजे काय, हे मी माझ्या सोयीनं ठरवलं. आमच्या घराण्यात नमस्कार हा व्यायाम नव्हताच, तो दात घासण्यासारखा होता. दात घासायला कुणी डॉक्टरला विचारतं का? दुसऱ्या दिवसापासून पट्टा घट्ट बांधून मी बारा घालायला लागले, मग चोवीस. उंचवटा यायचा, मी तो पट्ट्याखाली दाबून टाकायची. घाम यायचा आणि वाटायचं, आलं बघ, सगळं जागेवर यायला लागलं.

इथल्या मराठी लोकांचा एक छोटासा ग्रुप आहे. गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू, आणि रथसप्तमीला कॉलनीतल्या पार्कात सामूहिक सूर्यनमस्कार. बरेचसे रेल्वेवाले, थोडे आयटीवाले. त्या सकाळी सूर्यच उगवायला तयार नव्हता. धुक्यात वीस-बावीस माणसं सतरंज्यांवर उभी होती, आणि जिकडे उजेड थोडा पिवळा दिसत होता तिकडे पूर्व धरून आम्ही सुरुवात केली. नितीननं मोबाईल झाडाला टेकवून ठेवला होता आणि त्यात मिरजेहून बाबा मोजत होते. "बाळंतीण आहे हो ती, अडीच महिने पण झाले नाहीत," एक काकू कौतुकानं म्हणाल्या. तेवढं मला पुरलं. बारा झाले, लोक दम खायला थांबले. मी थांबले नाही. पंचविसाव्याला की सव्विसाव्याला, वर येताना, पोटात काहीतरी सरकलं. दुखलं नाही. कुणाच्या हातातून आपला हात निसटावा, एवढंच झालं. बाबा मोजत होते, काकू टाळ्या वाजवत होत्या. मी एक्केचाळीसपर्यंत गेले.

घरी आले. आईनं तिळगुळाच्या वड्या केल्या होत्या, घरभर वास होता. शरू पाळण्यात जागी होती, पाय झाडत होती. मी वाकले, तिच्या काखेत हात घातले आणि उचलायला गेले, तर कमरेतून वर काही आलंच नाही. जोर लावायचा तर लावायचा कुठून, तेच सापडेना. मी तिला तशीच खाली ठेवली आणि पाळण्याची कड धरून उभी राहिले. शरूला वाटलं मी खेळते आहे, ती हसली. मी आईला हाक मारली. त्या दिवसापासून सहा आठवडे मी माझ्या मुलीला उचललं नाही. आई तिला आणून माझ्या मांडीवर द्यायची, दूध पिऊन झालं की घेऊन जायची.

शास्त्री नगरात एका दुकानाच्या वर दोन खोल्यांत सुमनजींचा दवाखाना आहे. फिजिओथेरपिस्ट. खास बाळंतिणी बघतात. ई-रिक्षातून तिथं जाताना प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. सुमनजी बिकानेरकडच्या, बारीक, आवाज मोठा. मला उताणं झोपवलं, गुडघे वाकवायला लावले आणि म्हणाल्या, "अब सिर थोड़ा उठाओ, बस थोड़ा." मी डोकं उचललं. त्यांनी बेंबीच्या वर बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार. "रखो सिर," त्या म्हणाल्या. मग माझाच हात धरून माझीच बोटं त्यांनी तिथं ठेवली. बोटं आत गेली. कडेला दोन्ही बाजूंना स्नायूंच्या काठासारखं लागत होतं, आणि मध्ये नुसतं मऊ.

त्यांनी समजावून सांगितलं. पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात आणि मधोमध त्यांना जोडणारी पट्टी. बाळ वाढतं तशी ती पट्टी ताणते, पसरते. बाळ झाल्यावर बऱ्याच जणींची हळूहळू जवळ येते. काही जणींची येत नाही. "फटा कुछ नहीं है," त्या म्हणाल्या, "सिलाई नहीं उधड़ी, कपड़ा ढीला पड़ गया है." मग मी नमस्कारांचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "कितने?" एवढंच विचारलं. मी आकडा सांगितला. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. पट्टा सैल बांधला तर आधार म्हणून चालतो, पण करकचून बांधला की भार खाली जातो आणि स्नायू आपलं काम विसरतात, असंही म्हणाल्या. मी विचारलं, "भर जाएगा ना?" त्या म्हणाल्या, "कोशिश करेंगे." डॉक्टर मंडळी कोशिश म्हणाली की समजावं, आपलं आपल्याला करायचं आहे आणि होईलच असं नाही.

आणि काय करायचं, तर श्वास सोडायचा. एकशे आठ नमस्कारवाल्या बाईला पहिला महिना फक्त श्वास. उताणं पडायचं, श्वास घ्यायचा, सोडताना खालचं पोट अलगद आत ओढायचं, इतकं अलगद की बाहेरून कुणाला दिसू नये. मग एक टाच जमिनीवरून लांब सरकवायची आणि परत आणायची. मग दुसरी. बस. उठायचं ते कुशीवर वळून, हात टेकून; सरळ उठायचं नाही. काही उचलायचं तर आधी तोंडानं फू करून श्वास सोडायचा आणि मग उचलायचं. मी गच्चीवर उन्हात चटई टाकून टाच सरकवत पडलेली असायची, वर आभाळात संक्रांतीचा एखादा अडकलेला पतंग तारेवर फडफडत असायचा, आणि आई शेजारी बसून मटार सोलत मला विचारायची, "आज व्यायाम नाही का करायचा?" मी म्हणायची, "करते आहे की."

राग कुणावर काढायचा, हा त्या दिवसांतला मोठा प्रश्न होता. आईवर काढला, की करकचून बांधलंस म्हणून. तिनं फक्त ते धोतराचे पट्टे धुऊन घडी करून ठेवले आणि पुन्हा बाहेर काढले नाहीत. बाबांवर काढला नाही, पण त्यांना आईकडून सगळं कळलं. तेव्हापासून ते फोनवर "पाठ कशी आहे?" असं विचारतात. पोटाचं नाव घेत नाहीत. एकदा म्हणाले, "मला माहीत नव्हतं गं." नितीनवर काढला, तो बिचारा एक पट्टा मागवून मोकळा झाला. सगळ्यात जास्त स्वतःवर काढला. मला दुखत नव्हतं हो, असं मी मनातल्या मनात कुणालातरी सारखी सांगत असायची. दुखलं असतं तर थांबले असते.

आणि माणसं तर इतकी प्रेमळ की राग काढायलाही जागा देत नाहीत. मार्चमध्ये, थंडी सरता सरता, मी पहिल्यांदा एकटी भाजीला गेले. कोपऱ्यावर एक म्हातारी गाडी लावते. तिनं मेथीची जुडी बांधता बांधता माझ्या पोटाकडे बघितलं आणि प्रेमानं विचारलं, "कौनसा महीना चल रहा है, बाईसा?" मला सगळं सांगता आलं असतं. बाळ चार महिन्यांचं आहे, स्नायू सुटलेत, चार बोटं. पण तोंडातून निघालं, "सातवाँ." म्हातारीनं डोक्यावर हात ठेवला आणि पिशवीत ओंजळभर बोरं टाकली, "खट्टा खाया कर." घरी येऊन मी ती बोरं एकटीनं सगळी खाल्ली. त्यानंतर ती गाडी मी सोडून दिली, कारण दोन महिन्यांनी तिला दाखवायला मी दुसरं बाळ कुठून आणणार होते? आजही भाजीला मी लांबच्या रस्त्यानं जाते.

एप्रिलमध्ये आई परत जायची होती. तोवर मी शरूला उचलायला लागले होते, फू करून, भीत भीत, दिवसातून दोन-तीनदा. पाच महिन्यांची झाली होती ती. एका सकाळी आई आणि मी दोघी तिच्यासमोर बसलो होतो, पंखा नुकताच लावायला सुरुवात झाली होती. शरूनं पहिल्यांदाच दोन्ही हात पसरले, घे म्हणून. मी पुढे झाले. ते हात आईकडे होते. आईला इतकं अवघडल्यासारखं झालं की ती म्हणाली, "अगं, माझ्या हातात खुळखुळा आहे म्हणून." तिच्या हातात काही नव्हतं. मी म्हटलं, "घे तिला," आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच कुकर घासला. बाळंतपणात इतकं काही सहन केलं, पण त्या दोन हातांसारखं काही लागलं नाही. कुणाचाच दोष नव्हता. जी उचलते तिच्याकडे मूल हात करतं.

मला कधी कधी वाटतं, आपल्याकडे बाळंतिणीसाठी काय नाही? लाडू आहेत, खिरी आहेत, धुरी आहे, शेक आहे, सव्वा महिन्याची विश्रांती आहे. आंटींनी मला पिवळी ओढणी पांघरवून विहिरीची पूजा करायला लावली होती. विहीर नाही म्हणून पाण्याच्या टाकीच्या नळाला कुंकू लावलं. इतक्या पिढ्यांच्या बायकांनी इतकं काही जपून ठेवलं, हाताला हात लावून पुढे दिलं. मग कुणीच कधी पोटावर चार बोटं ठेवून का बघितलं नाही? की बघितलं आणि पदर ओढून घेतला? विचारलं तर "होतंय आपोआप" येतं.

आता शरू दोन वर्षांची आहे. तिचं मराठी म्हणजे अर्धी हिंदीच. "मम्मा, गोदी," म्हणते. गोदी म्हटलं की मी गुडघ्यात वाकते, फू करते आणि उचलते. ऑफिसातल्यांना वाटतं मी एकदम पूर्ववत झाले. सैल कुर्ते फार उपयोगी असतात. परवा शरू तिची बाहुली उचलायला वाकली, आधी गाल फुगवून 'फू' केलं आणि मग उचललं. तिला वाटतं आयांनी मुलांना उचलायची हीच रीत आहे. नितीन खूप हसला. मीही हसले.

यंदा थंडीला आई पुन्हा आली आहे. बाबांना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, म्हणून एकटीच आली. काल दुपारी शरूला झोपवून आम्ही दोघी गच्चीवर गेलो. ऊन छान होतं. आई गाजरं किसत होती आणि मी मॅटवर पडून महिन्याचं माप घेत होते. हे मी दर महिन्याला करते. चारची अडीच झाली आहेत, आणि वर्षभर अडीचवरच अडली आहेत. सुमनजी म्हणतात, एवढ्यावर थांबेल कदाचित, पण आतून ताकद आली आहे, तीच महत्त्वाची. महत्त्वाची आहे, मला मान्य आहे. तरी मी दर महिन्याला बोटं ठेवते.

"किती?" आईनं विचारलं.

"अडीचच."

तिनं किसणी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि जरा लाजून म्हणाली, "माझं बघ की गं एकदा."

मी हसले. पण ती खरंच आली, मॅटवर आडवी झाली, पदर बाजूला केला आणि आभाळाकडे बघत राहिली. बासष्ट वर्षांची माझी आई. तिचं पोट मी कधी असं बघितलंच नव्हतं. मी म्हटलं, "गुडघे वाकव. आता डोकं जरासं उचल." तिनं उचललं, आणि बेंबीच्या वर जे उभं राहिलं ते बघून माझा हात हवेतच थांबला. मग मी बोटं ठेवली. चारही शेजारी शेजारी बसली आणि दोन्हीकडे जागा उरली. पेरांपर्यंत आत गेली. तळाशी तिची नाडी ठकठक लागत होती.

मी तिची पहिली. साडेआठ पौंडांची होते, सगळं हॉस्पिटल बघायला आलं होतं, हे ती अजून अभिमानानं सांगते. म्हणजे चौतीस वर्षं. चौतीस वर्षं तिची कंबर दुखते, आम्ही तिला बाम लावून देतो. आणि दोन वर्षांपूर्वी, मला उचलता येत नव्हतं तेव्हा, सहा आठवडे दिवसरात्र शरूला तिनं उचललं होतं. ह्या पोटानं.

"किती?" तिनं विचारलं. मान अजून वरच होती, थरथरत होती.

"ठेव डोकं खाली."

"अगं, किती ते सांग की."

"दोन," मी म्हणाले.

तिचा चेहरा इतका उजळला की मला तिच्याकडे बघवेना. "बघ! मी म्हणत नव्हते? आपोआप मिळतंय. तुझं पण मिळेल. उगाच जिवाला लावून घेतलंस."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण सांगून तिला काय दिलं असतं? चौतीस वर्षांचा हिशेब? मी घाईघाईनं म्हटलं, "आई, उद्यापासून तू पण कर ना माझ्याबरोबर. नुसता श्वासाचा. कमरेला बरं वाटेल."

"मला कशाला गं? माझं तर मिटलंय की." ती कुशीवर वळली, हात टेकला आणि सावकाश उठली. पदर नीट केला. मग मॅटवर हात थोपटून म्हणाली, "चल, तू झोप. मी मोजते."

मी आडवी झाले. मॅटला तिच्या पाठीची ऊब होती.

"सोड श्वास," आई म्हणाली, "एक."